अबोलीची जाळी

"शी!"

निशिगंधेने नाकाला पदर लावला. लग्नानंतर माहेरच्या खळ्यात तिने पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं, आणि पहिला शब्द हा!

समोर तिचा दादा, आत्माराम, जुन्या मोटारीच्या उघड्या बॉनेटखाली कोपरापर्यंत काळा होऊन उभा होता. पायाशी घमेल्यात इंजिनातून काढलेलं ऑइल होतं. त्यात पाणी मिसळून नासक्या दुधाच्या चहासारखा दाट, पिवळट चिखल झाला होता, त्यावर माशा घोंघावत होत्या आणि करपट, आंबूस वास थेट माजघरापर्यंत गेला होता. आत्मारामानेच मघापासून दोनदा तोंड फिरवलं होतं. मग पोटुशी असलेल्या बहिणीला काय बोल लावायचा? तरीही तो शब्द त्याच्या काळजात रुतला... कारण तिची किळस तो आज प्रथम पाहत नव्हता.

"आई कशी आहे?" त्याच्याकडे न बघताच तिने विचारलं.

"अशक्त झालीय. तू येणार कळल्यापासून डोळे दाराकडे लावून आहे गो."

"तिलाच बघायला आलेय. संध्याकाळच्या एसटीने परत जाणार," असं तोडून बोलत ती आत गेली.

वडील गेले तेव्हा निशी परकरातली पोर होती. कचेरीतली कारकुनी, मागची थोडी आंब्याची कलमं आणि वडिलांची ही मोटार... एवढ्यावर आत्मारामाने तिला वाढवलं, शिकवलं आणि स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की 'निशीचं होऊ दे आधी' म्हणत केस पांढरे केले. गाडी मेकॅनिककडे न देता स्वतःच उघडून बसायचं, ही त्याची खोड. पाना निसटायचा, नखं फुटायची, पण गाडी चालायची. आणि त्याच गाडीने यंदाच्या, दोन हजार एकच्या वैशाखात, नवरी आत बसलेली असताना, ऐन घाटात दगा दिला! काटा लाल रेषेपार गेला, वाफेचा लोट उठला आणि हर्णैकडे रिकाम्या टोपल्या नेणाऱ्या मासळीच्या टेम्पोत बसून निशी आत्मारामाबरोबर दापोलीला सासरी पोचली. शालूला बांगड्याचा वास! सासूने माप ओलांडू दिलं नाही. आधी मागच्या दाराने विहिरीवर नेऊन नवरीच्या अंगावर घागरी ओतल्या... काय ती माणसं! ज्यांना मासळीचा वास सोसवला नाही, त्यांना रडणाऱ्या पोरीचे डोळे मात्र बरे सोसवले! तोंडाला पदर लावून कुजबुजणाऱ्या त्या बायका आठवल्या की आत्मारामाला अजूनही शिसारी येत असे.

आणि तिथेच, ओलेत्या अंगाने थरथरत, साऱ्यांदेखत निशी म्हणाली होती, "आईने रात्रभर जागून गाडीसाठी विणलेली फुलं तू दरीत भिरकावलीस! माझी शोभा केलीस! दादा, तुझ्या ह्या काळ्या हातांची मला किळस येते. पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस!"

आत्मारामाने ते हात पाठीमागे लपवले होते आणि आल्या वाटेने तो परत निघाला होता.

आता तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण ही 'त्या घरी नाही येणार' म्हणून हटून बसलेली! 'मला गाडीने दापोलीस ने, मी तिच्या पाया पडते,' असा आईने ध्यास घेतला, तेव्हा पावसाळाभर ताडपत्रीखाली पडलेली मोटार आत्मारामाने उघडली. इंजिनाचं हेड उतरवलं तर तेल-पाणी वेगळं ठेवणारी मधली पट्टी, गॅस्केट, जळून कोळसा झालेली. ऑइलात पाणी गेलं होतं ते तिथूनच.

आईच्या सांगण्यावरून निशी चहाचा कप घेऊन बाहेर आली. पायरीवर, धुण्यासाठी काढून ठेवलेल्या रेडिएटरशेजारी, तिने तो ठेवला... आणि तिची नजर तिथेच अडकली. रेडिएटरच्या बारीक पात्यांत काहीतरी कुजून, बुरशी येऊन घट्ट बसलं होतं. त्यातून सुतळीचं एक टोक लोंबत होतं. नाक मुरडतच तिने ते ओढलं. बुळबुळीत, काळपट पाकळ्यांचा लगदा बोटांना चिकटला, आणि त्यात एक गाठ!

दोन वेढे देऊन उलटी ओढलेली गाठ. आंबे उतरवायच्या झेल्याला आई दर मोसमात अशीच जाळी विणायची. लग्नाच्या आदल्या रात्री तिने तशीच मोठी जाळी विणून अबोली न् झेंडूने गच्च भरली होती, आणि स्वतःच्या हातांनी मोटारीच्या पुढच्या तोंडावर बांधली होती.

"दादा, ही आईची गाठ... इंजिनाला वारा इथूनच लागतो ना रे?"

"कचरा आहे तो. टाक."

"माझ्याकडे बघून बोल! जाळीने वारा कोंडला, म्हणून गाडी तापली?"

आत्मारामाने मान खाली घातली. "बांधताना शंका आली होती गो. पण आईची ती सुजलेली बोटं, आणि तोंडावर काय हसू! शब्द ओठांवर आला न् तिथेच राहिला. म्हटलं, सावकाश नेऊ. घाटात कळलं, तेव्हा वाफेत हात घालून ओरबाडली. पण उशीर झाला होता."

"मग बोलला का नाहीस? मी तुला तिथे, सगळ्यांसमोर..."

"बोललो असतो, तर ते आईपर्यंत पोचलं असतं. आपल्याच फुलांनी लेकीची फजिती झाली, हे उराशी घेऊन तिने जगायचं? म्हटलं, तिच्यापेक्षा मला सोसवेल."

निशीच्या तोंडून हुंदका फुटला. "किळस माझीच येते रे मला! त्या लोकांनी मला नासकी म्हणून विहिरीवर नेलं, आणि मी तेच उचलून तुझ्या तोंडावर फेकलं!" तिने त्याचे ते तेलकट, काळे हात धरले आणि कपाळाला लावले. तो मागे सरत राहिला, 'अगो, घाण लागेल' म्हणत राहिला. तिने सोडले नाहीत.

मग तिने हिरवा चुडा कोपराकडे सरकवला. "सांग, कुठे धरू?"

"तू जड उचलायचं नाहीस. नवी गॅस्केट ठेवतो, भोकं जुळतात का तेवढं बघ."

दोघं इंजिनावर वाकली असतानाच भिंत धरत धरत आई दारात आली. "जमलं का रे मेल्या? माझ्या फुलांनी काय शोभली होती गाडी त्या दिवशी! निघण्याआधी जरा तपासली असतीस, तर पोरीवर ती वेळ येती का? सगळा तुझा हलगर्जीपणा!"

"हो आई," आत्माराम सवयीने म्हणाला.

निशीने डोळे पुसले. गालावर काळा ओघळ उमटला.

"हो गो आई, दादाचाच हलगर्जीपणा!" ती मोठ्याने म्हणाली. "म्हणून तर आता बाळंतपण होईस्तोवर इथेच राहणार आहे मी. लक्ष नको ह्याच्यावर?"

आणि मुठीतली ती गाठ तिने आईच्या नकळत घमेल्यातल्या घाणीत सोडली, आणि बोटाने तळापर्यंत दाबली.