वाघरीचं दार

त्या रविवारी आबांनी डाळिंबाची छाटणी अर्ध्यावर टाकली, हातपाय धुतले आणि जेवण उरकून टीव्हीपुढं मेंढरं हाकायला बसले.

गेमचं खरं नाव लांबलचक आणि परदेशी होतं. घरात त्याला नुसतं 'मेंढरं' म्हणत. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आबांनी जरा बसून राहावं म्हणून लेकीनं, अंकितानं, तो साताऱ्याहून आणून दिला होता. आबा, म्हणजे सुभेदार आकाराम, तोफखान्यातून निवृत्त झालेले. पण त्याआधी, मिसरूड फुटायच्या आत, दिघंचीच्या माळावर बापाची मेंढरं राखलेले. गेमही तसाच होता. एक डोंगर, एक मेंढपाळ, पांगलेला कळप. दिवस मावळायच्या आत सगळी मेंढरं आवारात आणायची.

"कुत्रं बघ," आबा म्हणाले. "शेपूट हलवत भुकतंय. असलं कुत्रं लांडग्याला घर दावंल."

"आवं, मग खेळता कशाला?" आई, सुलाबाई, दारात शेंगा फोडत बसली होती.

"दुसरा भाग येणार हाय म्हणं. त्यात सुधारत्याल."

कुत्रं चालवून घेतलं असतं. आबांची खरी तक्रार आवाराच्या दाराची होती. आवाराला ते वाघर म्हणत. मुक्कामाला मेंढरांभोवती जाळं ताणून केलेला वाडा, त्याचं नाव वाघर. गेममध्ये सूर्य बुडाला की दार आपोआप लागायचं आणि बाहेर राहिलेलं बाहेरच राहायचं. आबांच्या बापाचा नियम वेगळा होता. अंधारात डोळा फसवतो. शेवटचं मेंढरू आत आलं की ते ओरडतं, मग दाराची दोरी बांधायची. आवाज दिल्याबिगर दार लावायचं न्हाई.

म्हणून आबा सूर्य टेकायच्या ऐन वेळी टीव्ही बंद करत. त्यांच्या गेममध्ये एकच संध्याकाळ वर्षभर चालली होती.

"असं केलं तर तुम्ही पुढं जाणारच नाही, आबा," अंकिता म्हणाली.

"न गेलो. कुणाला बाहेर ठिवून जायाचं कुठं?"

हाच नियम त्यांनी लेकीलाही लावला होता. म्हसवड, दहिवडी, पुसेगाव करत ती साताऱ्याला पोचली, की फोन करायचा. ती फोनवर नुसता अंगठा पाठवायची. कॉलेजात शिकवणारी, पुस्तकांत बुडालेली पोरगी. बोलायचं तिच्या जिवावर यायचं.

"आंगठ्यानं काय कळतंय?" त्या रविवारीही एसटीला सोडताना आबा म्हणाले. "आंगठा कुणी बी दावंल. तोंडानं सांगत जा."

"बरं," ती हसून म्हणाली.

साताऱ्याला उतरल्यावर तिनं अंगठा पाठवला. त्याच वेळी इकडं सुलाबाई गोठ्यातून धार काढून आली. टीव्हीवर सूर्य डोंगराला टेकलेला होता. आबा खुर्चीत होते, मान छातीवर. घराचं दार सताड उघडं होतं. पोरीचा फोन आल्याशिवाय ते कडी लावत नसत.

आबांचं वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत दुसरा भाग आला. अंकिता तो घेऊन गावी आली. खेळायची तिला हौस नव्हती. आबांच्या तक्रारींचं काय झालं, एवढं कुणीतरी बघायला हवं होतं.

सुरुवातीलाच गेमनं विचारलं, जुना कळप पुढं आणायचा का. तिनं हो म्हटलं. आबांची मेंढरं एकेक करून पडद्यावर आली. लंगडी काळी मेंढीसुद्धा. मेंढपाळ मात्र या भागात बदलला होता. त्याच्या जागी एक मुलगी होती.

"कुत्रं सुधारलं का?" आईनं विचारलं.

"सुधारलं. कान मागं टाकून भुकतंय."

"मग बरं हाय."

पहिल्या भागातलं गवत म्हणजे अंथरलेली सतरंजी होती. या भागात ते उतारावर विरळ होत जात होतं, उन्हाच्या बाजूला पिवळं पडलेलं होतं. खुरांनी धूळ उडत होती आणि वारा आधी गवतात दिसून मगच कानावर येत होता. पहिल्या भागातलं आभाळ म्हणजे नाटकातला पडदा. इथलं आभाळ इतकं मोठं होतं, की ती नकळत खुर्चीत मागं सरकली. अशा अफाटपणाबद्दल तिनं पुस्तकांत पुष्कळ वाचलं होतं. त्यापुढं बसायची वेळ आली नव्हती.

आणि समोरच्या डोंगराच्या माथ्यावर कुणीतरी उभं होतं. काठीएवढं बारीक, न हलणारं. त्याच्यामागं जाळं ताणलेलं दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं वीरधवलला फोन केला. कॉलेजातला सहकारी, त्यानं हा भाग आधीच पालथा घातला होता.

"समोरच्या डोंगरावर जायची वाट कुठून आहे?"

"वाट नाहीये, मॅडम. तो डोंगर नुसता देखाव्याला आहे."

"मग तिथली वाघर? म्हणजे, मेंढरांचं आवार?"

"आवार काढूनच टाकलंय या भागात. त्यावरनंच तर लोक चिडलेत. पहिल्यात निदान घरी पोचायचं होतं, इथं नुसतं भटकायचं."

"आणि तिथं उभा असलेला माणूस?"

वीरधवल हसला. मग हसायचा थांबला. "कोण माणूस? या भागात त्या पोरीशिवाय माणूसच नाही."

तिनं फोन ठेवला. उन्हं कलायला लागली तेव्हा पुन्हा टीव्ही लावला.

मेंढरं तिच्यासाठी थांबली नव्हती. लंगडी काळी पुढं आणि कळप मागं, अशी ती उतारावरून खाली, मग समोरचा डोंगर चढू लागली होती. तिनं मुलीला त्यांच्यामागं चालवलं. वाट होती.

माथा जवळ आला. माणूस पाठमोरा होता. त्याचा सगळा भार डाव्या पायावर, उजवा गुडघा ताठ. ऑपरेशननंतर आबा असेच उभे राहत.

मग हाक आली. दोन तोकड्या, एक लांब, आणि लांब हाकेच्या शेवटी फाटलेला आवाज.

"आले, आले," परसातल्या चुलीपुढून आई सवयीनं म्हणाली. डाळिंबाच्या बागेतून चहासाठी आबा अशीच हाक द्यायचे.

मग परसात काहीतरी खाली पडलं.

सुलाबाई आत आली. पिठाचे हात तसेच. लेकीच्या खुर्चीमागं उभी राहिली.

मेंढरं एकेक करून दारातून आत शिरत होती. शिरताना एकेक ओरडत होतं. काळी मेंढी सर्वांत शेवटी गेली. तीही ओरडली.

सूर्य डोंगराला टेकला.

टेकूनच राहिला.

अंकितानं खिडकीतून पाहिलं. अंगणातलं ऊन लिंबाच्या बुंध्यावर होतं. चिमण्या गप्प होत्या. सावली तसूभर सरकत नव्हती.

"समदी आत आली की," आई हळूच म्हणाली. "मग दार का लावंनात?"

अंकितानं पडद्यावरच्या मुलीला दारातून आत नेलं.

माणसाचा हात दाराच्या दोरीवर होता. दोरी हलली नाही.

तो सावकाश वळला. चेहरा सावलीत होता. वाघरीतल्या मुलीकडं त्यानं पाहिलं नाही. तोफांनी आबांचा उजवा कान नेला होता. तो माणूस डावा कान पुढं करून, जरासा वाकून, पडद्यातून इकडं, खोलीकडं ऐकू लागला.

आईच्या पिठाच्या हातानं लेकीचा खांदा धरला.

"पोचले," अंकिता म्हणाली. आणि मग, त्यांना ऐकू जावं म्हणून, मोठ्यानं: "आबा, मी पोचले."