कलेजीला चार तास

कोडियाक विमानतळावर सामानाचा एकच पट्टा आहे. भिंतीतल्या एका भोकातून तो बाहेर येतो, बारा पावलं चालतो आणि दुसऱ्या भोकातून परत आत जातो. हे मला इतकं नेमकं ठाऊक आहे, कारण मंगळवारपासून मी त्याच्याकडेच बघत बसलो होतो.

मंगळवारी आम्ही आलो, मी आणि बाबा. आमचे बूट आले, तंबू आला, तीन किलो सुकं मांस आलं. बाबाच्या धनुष्याची पेटी मात्र आली नाही. धनुष्य आपल्याजवळ घेऊन विमानात बसू देत नाहीत, ते विमानाच्या पोटात टाकावं लागतं, आणि एकदा पोटात गेलेलं कधी बाहेर येईल ते पोटालाच माहीत.

"प्रवासात आहे," सामानाच्या खिडकीमागची लुबा म्हणाली. पन्नाशीची, इथलीच, चष्मा दोरीने गळ्यात. "संगणक सांगतोय, प्रवासात आहे."

"कुठे चाललीय?" मी विचारलं.

"ते नाही सांगत."

बुधवारी धुकं होतं. इथे धावपट्टी संपते तिथेच बॅरोमीटर डोंगर उभा राहतो, म्हणून लोक हवामानखात्याला विचारत नाहीत, खिडकीतून बघतात. डोंगर दिसला तर विमान येणार. बुधवारी डोंगर नव्हता. गुरुवारी अर्धा होता. अर्ध्या डोंगरावर एक विमान आलं, आणि पट्ट्यावर कुणाच्या तरी ट्रकचे चार टायर आले, एक पाळणा आला, पिंजऱ्यातला एक कुत्रा आला. कुत्र्याला न्यायला कुणी आलं नाही. पेटीही आली नाही.

बाबा अडुसष्ट वर्षांचा आहे. रास्पबेरी बेटावरच्या एल्कच्या परवान्यासाठी त्याने चौदा वर्षं अर्ज भरला. एल्क म्हणजे हरीणच, पण घोड्याएवढं. पंधराव्या वर्षी चिठ्ठीत त्याचं नाव निघालं, आणि त्याच महिन्यात डॉक्टरने उजव्या खांद्याचं चित्र बघून मान हलवली. नोव्हेंबरात शस्त्रक्रिया, त्यानंतर धनुष्य नाही. कायद्याने एल्कसाठी पन्नास पौंड ओढीचं धनुष्य लागतं. बाबाचं बरोब्बर पन्नासवर लावलेलं होतं, आणि ते ओढताना त्याच्या तोंडातून जो आवाज येत असे तो मी ऐकलाच नाही असं दाखवायचो. हंगाम शनिवारी संध्याकाळी संपत होता.

"माझ्या भावाचं धनुष्य देते हवं तर," गुरुवारी लुबा म्हणाली. बिचारीला आमचा कंटाळा आला असावा.

बाबाचा चेहरा उजळला. "ओढ किती?"

"ओढ माहीत नाही. तो डावखुरा आहे."

बाबाने टोपी काढली, आत बघितलं आणि परत घातली.

शुक्रवारी अख्खा डोंगर दिसला. अकराला दहा मिनिटं कमी असताना पट्ट्याच्या भोकावरच्या रबरी झालरीतून आमची काळी पेटी बाहेर आली. मी तिला इतका घट्ट धरून बसलो की बाकीचे उतारू मान वळवून निघून गेले. बेटावर जाणारं, पाण्यावर उतरणारं छोटं विमान बाराला सुटत होतं. एक दिवस आणि एक दुपार हातात होती. पुरेशी होती.

"उघडून बघ आधी," बाबा म्हणाला.

पेटीत तपासणीवाल्यांची चिठ्ठी होती, आम्ही तुमचं सामान उघडलं होतं म्हणून. धनुष्य ठीक होतं. भात्यात सहा बाण होते. पाच स्वच्छ. सहावा पिसांपर्यंत रक्ताने माखलेला.

मी बर्फावरच्या गाड्या दुरुस्त करतो. इंजिन बंद पडलं तर त्याला कारण असतं, आणि ते कारण बहुधा मालकच असतो. म्हणून मी म्हणालो, "तपासताना कुणीतरी पात्यावर बोट कापून घेतलं."

बाबाने बाण उजेडात धरला. पात्याच्या खाचेतून त्याने दोन केस काढले. जाड, भुरे, नागमोडी. "माणसाच्या बोटावर असे केस असतात?"

"काहींच्या असतात."

त्याने एक केस अंगठ्याने दुमडला. तो मधून मोडला, आतून पोकळ. मग बाबाने रक्त चोळलं, वास घेतला. ते गडद होतं, जवळजवळ तपकिरी, आणि अजून वाळलं नव्हतं.

"कलेजीत लागलाय," तो म्हणाला आणि घड्याळ बघितलं. "तीनपर्यंत बसायचं."

आमच्या घरात हे पाढ्यांच्या आधी शिकवतात. बाण लागलेल्या जनावरामागे लगेच धावायचं नाही. धावलात तर ते उठतं, मैलभर पळतं आणि नको तिथे मरतं. फुप्फुसाला अर्धा तास, कलेजीला चार तास, पोटाला अख्खी रात्र. बाणावरचं रक्त सांगतं किती.

"बाबा, तू बाण मारलेलाच नाहीस."

"बाण कुणाचा आहे?"

"तुझा. पण तो विमानात होता."

"रक्त बाणावर, बाण माझा. म्हणजे जनावर माझं. ते शोधायला हवं."

"बाराला विमान आहे. पुन्हा धुकं आलं तर संपलं सगळं. चौदा वर्षं, बाबा."

"एक जखमी सोडून दुसऱ्यावर बाण मारू? तुला असं शिकवलंय मी?"

मी पट्ट्याशेजारच्या खुर्च्यांच्या रांगेत टोकाला जाऊन बसलो आणि बाराला ते छोटं विमान दुसऱ्याच कुणाला घेऊन डोक्यावरून गेलं, ते ऐकलं. पुढचं मोठं विमान संध्याकाळी होतं. दालन रिकामं झालं. लुबाने खिडकीत बसून माशाचं सँडविच खाल्लं. बाबा पेटीवर बसून दाराकडे बघत राहिला, जंगलात बसतो तसा, पापणी न हलवता. मी वैतागून तीन वेळा चॉकलेटच्या यंत्राला लाथ मारली. तिसऱ्यांदा त्याने एक चॉकलेट दिलं. दिवसभरात माझ्या बाजूने घडलेली तेवढीच एक गोष्ट.

तीनला बाबा उठला. शौचालयातून कागदाचं भेंडोळं घेऊन आला. हीही आमची पद्धत. रक्ताचा थेंब दिसला की त्यावर कागदाचा तुकडा टाकायचा. मागे वळून बघितलं की माग कुठे चाललाय ते कळतं.

"इथे फरशी आहे, बाबा. लोक बघतील."

"कोण लोक?"

लुबाने खिडकीतून मान बाहेर काढली. "सकाळीच पुसलंय मी. घाण नका करू."

पहिला थेंब रबरी झालरीवर होता. मी तो बघितला. चार तास मी त्या झालरीसमोर बसलो होतो, आणि तो तिथे नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. दुसरा पट्ट्याच्या कडेला. तिसरा फरशीवर, वाटाण्याएवढा, एका बाजूला शेपूट. बाबाने त्यावरून बोट फिरवलं. "चालत गेलंय. पळालेलं नाही."

चौथा गाड्या भाड्याने देणाऱ्यांच्या टेबलापाशी. पाचवा चॉकलेटच्या यंत्राजवळ, तिथे जरा जास्त, उभं राहिल्यासारखं. मग माग वळला. सहावा, सातवा, आठवा. मी मागे वळून बघितलं. पांढरे तुकडे दालनभर एका कमानीत पडले होते.

"जखमी जनावर आडोसा बघतं," बाबा हलक्या आवाजात म्हणाला. "पाठ टेकायला काहीतरी लागतं त्याला."

नववा थेंब खुर्च्यांच्या रांगेखाली होता. माझ्या खुर्चीच्या मागे.

मी तिथे चार तास बसलो होतो.

बाबाने खिशातून छोटी बाटली काढली. वारा बघायची पावडर असते आमच्याकडे. दाबली की धुरासारखी उडते. त्याने ती खुर्चीमागे, गुडघ्याएवढ्या उंचीवर दाबली.

दारं बंद होती. पंखा नव्हता.

पावडर आमच्याकडे आली. थांबली. परत गेली. मग पुन्हा आली.

"जिवंत आहे," बाबा म्हणाला.

"मग संपव ना त्याला."

"इथे धनुष्य काढलं तर आधी मला संपवतील." तो गुडघ्यांवर बसला. "थोडंच राहिलंय."

मी मोजत होतो. अकरा वेळा आली. बारावी अर्ध्यावर आली आणि सरळ खाली बसली.

बाबाने टोपी काढली. मीही काढली. लुबा खिडकीत उभी होती. तिने चष्मा काढला.

मग त्याने चाकूने परवान्यावर तारखेचा आणि महिन्याचा चौकोन कापला. एका परवान्यावर एकच जनावर. तेवढ्या आवाजात हंगाम संपला.

"पाय धर," तो मला म्हणाला.

"कुठला पाय?"

"मागचा. उचलून धर."

मांस टाकून जाणं हा आमच्याकडे गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी लाज. मी हवेत हात धरले. बाबा हवेत चाकू चालवत होता, नेहमीच्या क्रमाने, आधी मांडी, मग खांदा, मग पाठीचा लांब पट्टा. आपण दोघं ठार वेडे झालो आहोत आणि हे घरी आईला कसं सांगायचं, असं मी स्वतःशी घोकत होतो. दहा मिनिटांनी माझे दंड थरथरायला लागले. वीस मिनिटांनी मी म्हणालो, "बाबा, जरा टेकवू का?"

"टेकव."

मध्येच तो थांबला. डावा हात पोटाखाली, म्हणजे पोट असायला हवं तिथे, तसाच राहिला.

"मादी आहे," तो म्हणाला. त्याने बोटं एकमेकांवर चोळली. "दूध आहे."

पिल्लू सांभाळणाऱ्या मादीवर बाबाने आयुष्यात बाण मारलेला नाही.

लुबाने मासे पाठवायची मेण लावलेली खोकी दिली, चार. आम्ही भरली, चिकटपट्टी लावली. तिने एकेक काट्यावर ठेवलं. अठ्ठेचाळीस पौंड. पन्नास. सत्तेचाळीस. एक्कावन्न.

"पन्नासच्या वर नाही चालत," ती म्हणाली. "चौथ्यातलं एक पौंड काढून तिसऱ्यात घाला."

बाबाने चौथं उघडलं, काहीतरी दोन्ही हातांनी उचललं, तिसऱ्यात ठेवलं. तिने परत वजन केलं. अठ्ठेचाळीस, पन्नास.

"आता बरोबर," लुबा म्हणाली आणि पावत्या चिकटवल्या.

संध्याकाळच्या विमानाची घोषणा झाली तेव्हा बाहेरचं सरकतं दार उघडलं. कुणी आत आलं नाही. दार बंद व्हायला निघालं, मध्येच अडलं, परत उघडलं. थंडी पायांवर आली. पुन्हा निघालं, पुन्हा अडलं.

"पाडस होतं का बरोबर?" लुबाने मान वर न करता विचारलं.

बाबा माझ्याकडे पिशवी देऊन दारापर्यंत गेला. वाकला, दूध लागलेला डावा हात कमरेएवढ्या उंचीवर उताणा धरला आणि तसाच उभा राहिला. घोषणा दुसऱ्यांदा झाली. मी त्याला हाक मारली नाही.

तो परत आला तेव्हा दार बंद झालं होतं.

विमानात त्याने तो हात मांडीवर उताणा ठेवला. बाईने कॉफी पुढे केली, ती त्याने दुखऱ्या उजव्या हाताने घेतली. मी डाव्या तळव्याकडे बघितलं. बोटांच्या मुळापर्यंत तो ओला होता, आणि अँकरेजला उतरेपर्यंत वाळला नाही.