ओ देण्याआधी

माझं नाव उकंडराव. हसू नका, मालेगावच्या शाळेत तीस वर्षं पोरांनी ते काम मन लावून केलेलं आहे. माझ्या आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून मी जन्मलो तसं आईनं मला सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीनं उचलून परत आणलं. टाकून दिलेल्या पोराकडे मरण ढुंकून बघत नाही, अशी समजूत. मी विज्ञानाचा मास्तर, पण ती खरी की खोटी या वादात मला रस नव्हता. हे पहिल्यांदा कोणी केलं आणि कधी, एवढंच मला हवं होतं.

निवृत्तीनंतर तोच नाद लागला. ‘पूर्वापार चालत आलंय’ असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. पूर्वापार काही नसतं. प्रत्येक गोष्टीला एक तारीख असते आणि एक माणूस असतो. मी वही केली आणि गावोगाव विचारत फिरू लागलो. मेडशीत पहिलं शिलाई मशीन कोणाच्या घरी आलं, चहात दूध घालायला कोणत्या सुनेनं सुरुवात केली, विहिरीवर पहिलं इंजिन फटफटलं तेव्हा कोण शेत सोडून पळालं, सगळं वहीत आहे. ज्योत्स्ना, माझी बायको, म्हणायची, “तुम्हाला सगळ्याचं पहिलं कळतं. शेवटचं कधी कळणार?”

ते कळलं नाहीच. दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात मी ओसरीवर वही लिहीत बसलो होतो. स्वयंपाकघरातून तिनं हाक मारली, “अहो.” तिची रीत मला पाठ होती. पहिली हाक साधी, दुसरी लांबवलेली, तिसरीत राग. मी तिसरीला उठायचो. त्या दिवशी दुसरी आलीच नाही. मी हातातलं वाक्य पूर्ण केलं, पूर्णविराम दिला आणि मग आत गेलो. ती ओट्याशी खाली बसलेली होती, पदराला कणीक लागलेली. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तरी फरक पडला नसता. डॉक्टरांना तसं म्हणावं लागतं. मूलबाळ नाही, त्यामुळे तेव्हापासून घरात मला हाक मारणारं कोणी नाही.

मेडशीच्या बाजारात मला कळलं की चार-पाच किलोमीटर आत, जंगलाच्या कडेला एक तांडा आहे आणि तिथल्या माणसांची हाकेला ओ द्यायची रीत वेगळी आहे. पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे आपल्याकडे सगळेच जाणतात. माझी आईही सांगायची, भुताला एकदाच हाक मारता येते. पण ‘वेगळी’ म्हणजे काय, ते कोणाला सांगता येईना. पौषातल्या एका सकाळी मी एसटीनं मेडशीला उतरलो आणि चालत निघालो.

तांडा रिकामा होता. दिवाळी झाली की तिथली माणसं ऊसतोडीला जातात ती पाडव्यालाच परततात. ओळीनं कुलपं, दारासमोर उभ्या करून ठेवलेल्या खाटा, चुलींत जुनी राख. पायवाट जिथं तांड्याला लागते तिथं एक मोठा लिंब आहे. बाजारात बजावलं होतं की ओ आल्याशिवाय लिंबाच्या पुढं पाऊल टाकू नका. समोर वीस-पंचवीस पावलांवर एका घराच्या सावलीत एक म्हातारा आणि एक म्हातारी बसलेली दिसत होती. मी हाक मारली, “कोणी आहे का?” दोघं दिसत असताना हे विचारणं मूर्खपणाचं होतं, पण दुसरं काय ओरडणार? उत्तर नाही. पुन्हा ओरडलो. पुन्हा. चौथ्या हाकेला म्हातारा म्हणाला, “ओ. या, या.”

म्हाताऱ्याचं नाव सेवादास. ऐंशीच्या पुढचा, दात शाबूत. म्हातारी त्याची भावजय, सोनीबाई. ती सुपात तूर निवडत होती. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

“किती वेळचा ओरडतोय,” मी म्हटलं. “कमी ऐकू येतं का?”

“पयली बी ऐकू आली गुर्जी. ओ द्याची घाई नसते आमच्यात.”

दाराशेजारी भिंतीवर चुन्याच्या तीन उभ्या रेघा होत्या, बोटानं ओढलेल्या. कुलूपबंद घरांवरही तशाच तीन-तीन. मी वही काढली आणि विचारलं. सेवादासनं तोंडानं काही सांगितलं नाही. डावा हात पुढे केला. करंगळी मिटली, तिच्या शेजारचं मिटलं, मधलं मिटलं. मग अंगठ्याजवळचं उघडं बोट दुसऱ्या हातानं दाखवलं.

“इतक्या सोडाच्या. मंग जे येते, ते माणसाची.”

“म्हणजे तीन सोडून...”

“हां हां!” त्यानं पटकन माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “आकडा बोलू नका. बोटावर बोला. ते आयकते.”

“कोण?”

“जे हाका मारते, ते.”

मी शिक्षकी हसू हसलो आणि खालच्या आवाजात विचारलं की ही रीत कधीपासूनची. पूर्वापार म्हणतील, अशी मनाची तयारी केली होती. पण सेवादासनं मला तारखाच दिल्या.

“माह्या आज्याच्या वक्ताले भितीवर एकच रेघ होती. मंग इंग्रजाचा मोजणीवाला आला. तुमच्यासारकीच वही होती त्याच्यापाशी. काहून, कायले, इचारत बसला. आज्यानं तोंडानं सांगतलं. त्याच साली दुसरी रेघ ओढा लागली. तिसरी दुष्काळातली, बहात्तरची. रस्त्याच्या कामावर एक मुकादम होता. त्यानं आमची मस्करी केली, मोठ्यानं आकडा बोलला. दरखेपी कोणी इचारणाराच येते, गुर्जी.”

अशी एखादी समजूत दाखवा मला, जिच्या वाढीला साल आहे! मी भराभरा लिहून घेतलं. बहात्तरच्या खाली माणसाचं नाव हवं होतं, ते विचारलं.

“हेमसिंग,” सेवादास म्हणाला. “माहा भाऊ. हिचा मालक. लगीन होऊन सा महिने झाले होते. वावरात होता. त्यानं नेमानं सोडल्या जितक्या सोडाच्या तितक्या, अन् नेमानंच पुढच्या हाकीले ओ देला. पन ते शिकलं होतं तवर.”

“मग? वारला?”

“मेला असता तं माती देली असती.”

सोनीबाईचे हात सुपात फिरत राहिले. दाण्यांचा सरसर आवाज तेवढा येत होता. ऊन सरळ डोक्यावर आलं, तांड्यातली एकुलती शेळी खाटेखाली जाऊन बसली. मी पाणी मागणार होतो, तेवढ्यात तुरीच्या शेताकडून हाक आली.

“सोनी.”

पुरुषाचा आवाज. तरणा, थोडा हसरा, नव्या नवऱ्याचा असतो तसा.

सोनीबाईचे हात थांबले. तिनं करंगळी मिटली. “सोनी,” पुन्हा आली. तिनं दुसरं बोट मिटलं. तिसरी आली, तिनं मधलं बोट मिटलं. चौथं बोट उघडं ठेवून ती शेताकडे बघत राहिली. सत्तरीची बाई, पण त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघायची मला लाज वाटली. मी वहीत बघत राहिलो. पानावर एक माशी बसली आणि उडून गेली.

“आजबी नाही,” ती म्हणाली. हात झटकून तिनं सूप पुन्हा ओढलं.

“रोज दुपारून येते,” सेवादास म्हणाला. “एक जादा मारली असती तं हिनं ओ देला असता.”

कोणी गुराखी असेल, मी मनाशी म्हटलं. सोनी नावाची म्हैस असेल. विज्ञान शिकवलेल्या माणसाला म्हैस चटकन सुचते. तरी मला तिथं बसवेना. मी वही पिशवीत टाकली, रामराम केला आणि निघालो. सेवादास मागून म्हणाला, “वाटंत कोनाले ओ देऊ नका, गुर्जी.”

लिंब ओलांडून मी शंभरेक पावलं गेलो असेन. मनावरचा ताण उतरला की मला मस्करी सुचते, वर्गातही तसंच व्हायचं. मी मागं वळलो आणि छडी उगारावी तसा हात वर करून, तीस वर्षं शेवटच्या बाकापर्यंत पोचलेल्या आवाजात ओरडलो, “चौथीला तर ओ देऊ ना, सेवादास?”

सोनीबाई उठून उभी राहिली. सूप सांडलं. ती दोन्ही हात डोक्यावर हलवू लागली. मला वाटलं, निरोप देतेय. मीही हात हलवला आणि चालू लागलो.

पायवाट दोन्ही बाजूंनी तुरीतून जाते. तूर डोक्याएवढी वाढली होती, शेंगा वाळून खुळखुळत होत्या. सोयाबीन काढलेलं एक मोकळं वावर लागलं, मग पुन्हा तूर. एक वाजून गेला असेल. वारा पडला आणि शेंगांचा आवाज थांबला.

“अहो.”

मी थांबलो. आवाज उजवीकडून, तुरीच्या आतून आला. साधा. भाजी चिरताना, मान वर न करता मारलेला.

मी आधी विचार केला तो मास्तरासारखाच केला. वाटेनं कोणी बाई आपल्या नवऱ्याला हाक मारत असेल. ‘अहो’ काय, कोणाचाही नवरा. आईनं उकिरड्यावर ठेवून जे नाव मला मिळवून दिलं, ते ज्योत्स्नानं उखाण्याखेरीज कधी घेतलं नाही. आणि हाकेचा नियम नावाला लागू असतो. हे तर नावच नव्हे.

“अहोऽऽ.”

लांबवलेला. शेवटचा स्वर थोडा नाकात. हा स्वर दुसऱ्या कोणाचा असू शकत नाही हे मला कळलं, आणि माझी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटलेलं आहे हेही तेव्हाच लक्षात आलं.

“अहो!”

राग होता. तिसरीत असायचा तसाच.

मग काही नाही. मी तिथंच उभा. ती दोन वर्षांपूर्वी गेली, मी स्वतः अग्नी दिला, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी वेडा नव्हतो. सोनीबाईसारखं चौथं बोट उघडं ठेवून बघत होतो, एवढंच. त्याला मारता येतात त्या तीन हाका संपल्या होत्या. आता आली नाही, तर तुरीतलं ते काय असेल ते असो. आणि आली, तर नेमानुसार ती माणसाची.

आली.

ही साधी नव्हती, लांबवलेली नव्हती, रागाची नव्हती. ही हाक मी आयुष्यात एकदाच ऐकली होती. ओट्याला धरून, खाली बसता बसता मारलेली. जिच्यानंतर मी वाक्य पूर्ण केलं होतं, ती.

“ओ,” मी म्हटलं. “ओ, ज्योत्स्ना. आलो.”

दोन वर्षं तो ओ माझ्या घशात अडकून होता. तो बाहेर पडला तशी मला रडू फुटलं. वाटेच्या मधोमध, पिशवी छातीशी धरून मी पोरासारखा रडलो. हलकं वाटलं. तुरीतून कोणी आलं नाही, काही हललं नाही. वारा पुन्हा सुरू झाला, शेंगा वाजू लागल्या.

हे कोणाला तरी सांगायला हवं होतं. मी उलटा फिरलो.

पुढचं लिंबाखाली बसून लिहितो आहे. वहीत आजची तारीख टाकली आहे. चौथी रेघ, असं लिहून त्यापुढं माणसाचं नावही घातलं आहे.

रेघ मला लिंबापासूनच दिसली. तीन जुन्या, पिवळट, आणि शेजारी एक पांढरीशुभ्र. चुना ओघळत होता. सेवादास शेजारच्या घराच्या भिंतीपाशी होता, बोट चुन्यात बुडवून तिथंही तशीच ओढत होता. सोनीबाई उंबऱ्यावर बसली होती.

“सोनीबाई,” मी हाक मारली.

तिनं मान वर केली. ती माझ्याकडे बघत नव्हती, आवाजाकडे बघत होती. मी लिंबाच्या सावलीतून बाहेर उन्हात आलो, हात हलवला. तिची नजर हलली नाही. तिनं करंगळी मिटली.

“सोनीबाई, मी आहे. गुरुजी.”

दुसरं बोट.

मी तिसरी हाक मारली. सेवादासचा हात भिंतीवर थांबला. चौथी मारली. सोनीबाईनं चौथं बोट मिटलं. आता अंगठा उघडा होता, आणि ती तो माझ्या दिशेनं धरून बसली होती. तिचे ओठ हलत होते. मार, ती म्हणत होती. मार ना बापा, अजून एक.

मी छाती भरून श्वास घेतला. तोंड उघडलं.

पाचवी आली नाही.

पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा. पाऊल लिंबाच्या पुढं पडेना आणि गळ्यातून नुसता वारा निघाला.

तिनं बराच वेळ वाट पाहिली. सावली उंबऱ्यावरून तिच्या पायांवर आली. मग तिनं पदरानं हात पुसला, भिंतीला धरून उठली आणि सेवादासकडे न बघता म्हणाली,

“हा बी नाही.”