एकशेचाळीस पानांची सुट्टी

"सात विषय, प्रत्येकी वीस पानं, म्हणजे एकशेचाळीस! झाली त्र्याऐंशी. उरली सत्तावन्न. आणि दिवस उरले चार!" मोजपट्टीनं पेन टेबलावर आदळलं.

"म्हणजे रोज सव्वाचौदा पानं," वर न बघताच फुलस्टॉप म्हणाला. "त्यात जेवायला वेळ धरलेला नाही."

"मला धरूच नका," टेबलाखालून आवाज आला. "माझा हात मेलाय. फक्त अंगठा जिवंत आहे."

हा आवाज घोरपडीचा. एकदा एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही, म्हणून वर्गानं त्याला हे नाव दिलं होतं. फुलस्टॉप बुटका आणि गोल. तो बोलला की विषय संपायचा. आणि मोजपट्टी उंच, काटकुळी. दिसेल ते मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. तिघं सातवीत, एकाच वर्गात. सुट्टी लागल्यापासून तिघं रोज सकाळी मोजपट्टीच्या घरी जमत आणि स्वाध्याय उपसत. हो, उपसतच! विहिरीचा गाळ उपसावा तसा.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मोजपट्टीची आई बसली होती. ती त्यांच्याच शाळेत विज्ञान शिकवायची. तिच्यापुढे बेचाळीस कोऱ्या अहवालांचा गठ्ठा होता. प्रत्येक मुलामागे एक अहवाल, आणि प्रत्येक अहवालात सहा रकाने. मान शेकायची पिशवी तिच्या खांद्यावरून घसरून मांडीवर पडली होती, तरी तिला पत्ता नव्हता.

"बाई, या रकान्यात काय लिहिता?" घोरपडीनं डोकं बाहेर काढलं.

"'विद्यार्थ्यानं कामाचा आनंद घेतला का?'" आईनं वाचून दाखवलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग फुलस्टॉपला हसू फुटलं, त्याच्यामागोमाग सगळ्यांनाच. आई हसता हसता थांबली आणि तिनं डोळे चोळले. ते चोळणं जरा जास्तच वेळ चाललं.

मोजपट्टीला ते बघवेना. सुट्टीत मावशीकडे जायचं ठरलं होतं, तेही बारगळलं होतं. 'पुढच्या सुट्टीत नक्की,' असं आई म्हणाली होती. पण रात्री ती मावशीला फोनवर काय सांगत होती, ते मोजपट्टीनं ऐकलं होतं. "या वर्षी मला शाळाच नकोशी झालीय गं."

"आई, हे सगळं कुणी काढलं?"

"वरून पत्र आलंय बाळा. हे बघ."

पत्राची छायाप्रत टेबलावरच होती. वरती ठळक अक्षरात 'सुट्टीतील स्वाध्याय' आणि खाली जेमतेम दोन ओळी. मोजपट्टीनं त्या मोठ्यानं वाचल्या.

"'प्रत्येक विद्यार्थ्याने सुट्टीत सर्व विषयांचे... वीस पानांचे काम करावे. शिक्षकांनी वेगळा अहवाल पाठवू...' आणि त्याखाली पेनानं 'पाठवावा' लिहिलंय."

"छपाईची चूक असेल," आई म्हणाली आणि पुढचा अहवाल ओढून घेतला.

मोजपट्टीचा हात मात्र आपोआप पट्टीकडे गेला. डावीकडचा समास पाच सेंटिमीटर. उजवीकडचा? शून्य! 'पाठवू'नंतर कागदाच्या अगदी कडेला एक बारीकशी उभी काळी रेघ होती. अक्षराचा तुकडा!

"ए, इकडे या!" ती कुजबुजली. "हे पत्र कापलं गेलंय!"

दुपारी तिघं शाळेत पोचली. सुट्टीतली शाळा नुसती ओस. बाकं एकावर एक रचलेली, फळे पुसलेले. उघडं होतं ते फक्त कार्यालय. तिथे कारकूनकाका शब्दकोडं सोडवत होते. त्यांच्या मागे कपाटात फायली होत्या आणि कोपऱ्यात छायाप्रतींचं जुनं यंत्र.

"काका, स्वाध्यायाचं मूळ पत्र बघायचंय."

"कार्यालयीन कागद आहे तो! मुलांना दाखवत नाहीत. पळा!"

फुलस्टॉपनं शांतपणे आपली भाषेची वही उघडली. "काका, आम्हाला प्रश्नच तसा आहे. 'औपचारिक पत्राचा नमुना प्रत्यक्ष पाहून त्याची मांडणी लिहा.' नमुना मिळाला नाही, तर कारण लिहावं लागेल. मी लिहितो, 'कारकूनकाकांनी नकार दिला.' इथे सही करता?"

काकांनी पेन खाली ठेवलं. "सही कशाला?"

"कारणाखाली सही लागतेच ना!" घोरपड म्हणाला. "आमचा पूर्ण वर्ग येणार आहे काका. बेचाळीस सह्या!"

"बेचाळीस!" काका उठलेच. फाईल टेबलावर आपटली. "घ्या! पण बाहेर न्यायचं नाही. आणि मजकूर वाचायचा नाही, नुसती मांडणी बघायची!"

"न वाचता बघतो आम्ही," मोजपट्टी म्हणाली आणि पट्टी काढून समास मोजू लागली. डावा, दोन सेंटिमीटर. उजवा, दोन सेंटिमीटर. पट्टी सरकत सरकत ओळींच्या शेवटापाशी आली आणि तिथेच थबकली.

घरून आणलेली छायाप्रत तिनं मूळ पत्राखाली सरकवली आणि दोन्ही कागद खिडकीच्या काचेला लावले. उन्हात ओळीवर ओळ बरोब्बर बसली. पण पहिल्या ओळीच्या शेवटी एक शब्द जास्तीचा होता आणि दुसरीच्या शेवटीही एक.

"'मिळून'!" घोरपड ओरडला. "सर्व विषयांचे मिळून वीस पानं!"

"आणि 'नये'," मोजपट्टीनं दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "अहवाल पाठवू नये!"

"यंत्रच जुनं आहे, कड खातं!" काका घाईघाईनं म्हणाले. "मी काय करू?"

आरडाओरडा ऐकून मुख्याध्यापक सर त्यांच्या खोलीतून बाहेर आले. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात गार झालेला चहा. "काय गोंधळ आहे?"

"सर, हे 'पाठवावा' कुणी लिहिलं?" मोजपट्टीनं विचारलं. तिनं नजर खाली घेतली नाही.

"मीच. शब्द अर्धवट होता, मी दुरुस्त केला."

"सर, शब्द पूर्ण होता. वाक्य अर्धवट होतं."

सर खिडकीपाशी गेले. त्यांनी एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"त्या दिवशी माझ्यापुढे सत्तावीस पत्रं होती," अखेर ते हळूच म्हणाले. "मी मूळ पत्र उघडलंच नाही. तीन आठवडे सगळी शाळा राबली, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही! तुम्ही विचारलंत. शाबास रे पोरांनो!" मग ते कारकूनकाकांकडे वळले. "आत्ताच्या आत्ता सगळ्यांच्या घरी निरोप जाऊ द्या. शिक्षकांना आधी. आणि ते यंत्र आजच दुरुस्तीला पाठवा!"

मोजपट्टी घरी पोचली, तेव्हा निरोप तिच्या आधी पोचला होता. अहवालांचा गठ्ठा जमिनीवर होता आणि आई टेबलावर डोकं टेकून गाढ झोपली होती. भर दुपारी! मोजपट्टीनं पंखा लावला आणि आवाज न करता आपली त्र्याऐंशी पानं पसरली. त्यातली वीस निवडायची होती. चाळता चाळता तिचं तिलाच हसू आलं. सत्तर पानं नुसती पुस्तकातून उतरवलेली होती.

अंधार पडायच्या सुमाराला आई उठली. गालावर टेबलाचा वळ उमटला होता. समोरचं एक पान तिनं सहज उचललं आणि वाचायला लागली. शेवटापर्यंत. सहा दिवस न्हाणीघराच्या खिडकीत बसून मोजपट्टीनं मुंग्यांची रांग पाहिली होती. वाटेत पाण्याचा थेंब पडला की मुंग्या किती सेकंद थांबतात, ते तिनं मोजलं होतं.

"नऊ सेकंद?" आईनं विचारलं.

"मोठा थेंब असला तर चौदा."

"आणि मग कोण आधी हलतं? पुढची की मागची?"

मोजपट्टी गोंधळली. "ते नाही गं पाहिलं!"

आईनं पान जपून खाली ठेवलं. "किती छान लिहिलंयस! माझ्या वर्गात असं पान बऱ्याच दिवसांत आलं नव्हतं. आलंही असेल म्हणा, मला वाचायला वेळच कुठे होता?" ती उठली आणि तिनं न्हाणीघराचा दिवा लावला. "चल, तुझी पट्टी घे. आणि एक थेंब पाणी."