मंगळावरचा गोळीबंद पाक

ओट्यावर ज्वारीच्या लाह्या दोन वाट्या, शेंगदाण्याचं कूट एक वाटी आणि पृथ्वीवरून आलेल्या गुळाचा एक खडा होता. खडे मुळात दोन होते. दुसऱ्याच्या वड्या ताटात पडल्या होत्या, काचेसारख्या कडक.

मंगळावरच्या त्या वस्तीत भट्टी नव्हती, विजेची एक शेगडी तेवढी होती. तन्मयीची आई थोड्याच वेळात बर्फाच्या बोगद्याकडे निघणार होती. तिचे दोन सहकारी तिथे अडकले होते. त्यांना बाहेर काढेपर्यंत तिला शिरस्त्राण उतरवता येणार नव्हतं. आतल्या आत दातांनी तोडता येईल, अशी वडी हेच तिचं जेवण. पण वडीचा चुरा श्वासाच्या झडपेत गेला, तर जिवावर बेतलं असतं. म्हणून मापाड्या हा यंत्रमानव वडी वाकवून पाहायचा. अर्ध्या ग्रॅमहून जास्त चुरा पडला, की वडी बाद.

या वडीचा चार ग्रॅम पडला होता.

दिगंबर आजोबा मोडलेली वडी न्याहाळत होते. जन्मभर वायूंचा अभ्यास केलेला माणूस. पाक ११५ अंशांना उतरवायचा, हा आकडा त्यांनीच मापाड्याला दिला होता.

"आजोबा, इथे पाणी किती अंशांना उकळतं?" तन्मयीने विचारलं.

"ब्याऐंशी. म्हणून तर तुझ्या आईचा चहा पांचट होतो." बोलता बोलता त्यांचं हसू मावळलं.

वस्तीत हवेचा दाब (हवेने प्रत्येक वस्तूवर दिलेला रेटा) पृथ्वीच्या निम्माच ठेवलेला होता. रेटा कमी, म्हणून वाफेला सुटणं सोपं. म्हणून उत्कलनबिंदू (द्रव ज्या तापमानाला उकळतो ते) खाली. पाकातलं पाणी उडत जातं, तसा तो दाट होतो आणि अधिकाधिक तापमानाला उकळतो. इथे ही चढणच अठराएक अंश खालून सुरू होत होती. ११५ गाठेपर्यंत पाणी जवळजवळ संपलेलं.

"आकडा बरोबर होता गं," आजोबा म्हणाले. "गाव चुकलं."

त्यांनी थंड पाण्याची वाटी पुढे ओढली. उकळत्या पाकाचा थेंब पाण्यात सोडायचा आणि चिमटीत धरून पाहायचा. विरघळला तर पाक कच्चा, मऊ गोळी झाली तर तयार. गोळी पाकाचा दाटपणाच सांगते. दाब कुठलाही असो.

वाटी हे मोजण्याचं साधन नाही, असं मापाड्याने बजावलं.

"आज आहे," तन्मयी म्हणाली.

तिने उरलेला गूळ थोड्या पाण्यासह शेगडीवर चढवला. पाक उकळू लागल्यावर पहिले तीन थेंब विरघळले. चौथ्याची गोळी बोटांत दबली. तिने पातेलं उतरवलं, तेव्हा तापमापक ९६ दाखवत होता. लाह्या आणि कूट ढवळून तिने मिश्रण ताटात थापलं, वड्या पाडल्या.

पोशाख चढवून आई दारात उभी होती. पुढची वस्ती डोंगरावर होणार, तिथे आतला दाब आणखी कमी ठेवणार आहेत. तिथेही वाटी घेऊन जाऊ, असं आजोबा तिला हळूच सांगत होते.

मापाड्याने वडी वाकवली. चुरा तोलला.

"शून्य पूर्णांक दोन ग्रॅम."