चौथं सोंग

स्टोव्हमध्ये लाकूड सरकव रे, आणि ऐका. ही अलोन्झोची गोष्ट, माझ्या शेजारच्याच घरातली. शपथ घालायची गरज नाही.

गेल्या वर्षीची पाच जानेवारीची रात्र. मूसचं, म्हणजे आमच्या जंगलातल्या थोरल्या हरणाचं, मटण द्यायला मी त्याच्याकडे गेलो. खरं म्हणजे चौकशीलाच. त्याची ट्रायफीना अकरा वर्षांची. काळजाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून भोक. सेंट जॉन्सचे डॉक्टर मांडीच्या शिरेतून नळी घालून ते बुजवणार होते. तारीख आठवड्यावर आली, आणि हा म्हणतो, "उद्या फोन करून नको म्हणून सांगतो. पोरगी धावते-खेळते, एझ्रा. उगाच कशाला?"

"तुझी आईपण धावायची," मी म्हटलं.

त्याची आई चौतिसाव्या वर्षी चढावर धापा टाकता टाकता मेली. "छाती नाजूक," म्हणाले सगळे.

तेवढ्यात नाताळची सोंगं आली; आपल्याकडे नाताळ सहा जानेवारीपर्यंत, तोवर ती घरोघर फिरायचीच. तोंडं झाकलेली, आवाज ओळखू येऊ नये म्हणून श्वास आत ओढत बोलणारी. तुम्ही पोरं हल्ली फसवता, पण नियम नियमच: नाव बरोबर ओळखलं की तोंड दाखवायचंच.

"ही ढेरी लपते होय? क्लेटस!" ट्रायफीना ओरडली. हशा पिकला. दुसरी त्याची बायको निघाली, तिसरा मेव्हणा. केकवर तुटून पडले.

चौथं दाराशीच उभं. किरकोळ, बाईच्या अंगाचं. वर पुरुषी रेनकोट, तोंडावर खिडकीचा जाळीदार पडदा.

"आणि ही कोण रे तुमची?" मी विचारलं.

क्लेटसचा घास थांबला. "आम्ही तिघंच निघालो होतो, एझ्राकाका."

ती पुढे आली. वाकली. ट्रायफीनाच्या स्वेटरला, छातीशी, कान लावला.

श्वास आत ओढत म्हणाली, "इथून... वारा जातो."

कुणी हललं नाही.

"माझ्याही... जायचा."

"बाबा," ट्रायफीना पुटपुटली, "ओळखा ना."

अलोन्झोनं ओळखलं होतं. नाव ओठांवर आलेलं मी पाहिलं. पण नाव घेतलं, तर तो पडदा...

"नाही करत फोन," एवढंच तो म्हणाला.

ती सरळ झाली. गेली.

भोक बुजलं. पोरगी हॉकी खेळते. तो स्वेटर अलोन्झोच्या कपाटात आहे, छातीवर कानाच्या आकाराचं हिव गोठलेलं. जुलैच्या उकाड्यात मी बोट लावून पाहिलं.

बोट अजून बधिर आहे.