चाखणीचं ताट

विजापूरच्या तटावर तांबडं फुटलं, गोल घुमटाच्या माथ्यावर ऊन उतरलं, आणि मोगलांच्या वेढ्याला वर्ष उलटून गेलं. ज्या राजधानीच्या बाजारात इराणी बदाम नि कोकणी नारळ शेजारी शेजारी विकले जात, जिथे मुदपाकखान्यातल्या नुसत्या फोडणीनं वाटसरूचं पाऊल अडखळे, तिथे आता चांगल्या घरची माणसं चिंचोके भाजून खात होती.

मुदपाकखान्याची मुख्य सुगरण सुंदराआक्का तीन दिवस उपाशी होती. घरी लेक तुळजा बाळंतीण. अंगावर दूध नाही, तान्ही पोर आता रडतही नव्हती.

आज मोगलांचा वकील मीर फाजल तहाचं बोलायला यायचा होता. किल्लेदार हणमंतराव म्हणाले, "आक्का, कोठारात उरलं ते सगळं रांधा. शहरात अजून सहा महिन्यांचं धान्य आहे असं त्याला वाटलं, तर बायकापोरांना सुखरूप वाट देतील. उपास कळला, तर उद्याच एल्गार."

"रांधते, सरकार. पण तुमचे मानकरी आधी बाहेर काढा. पानाकडे बघून आवंढे गिळतील मेले!"

केशरी पुलाव झाला, तुपात न्हालेले मांडे झाले. दरबारी रिवाज असा, की पाहुण्याआधी रांधणारीनं त्याच्या ताटातला एकेक घास चाखायचा. पायाशी शिकारी कुत्रा घेऊन बसलेला मीर फाजल गालात हसला.

"एकच घास कशाला, बाई? हे ताट तुमचंच. आम्हांला दुसरं वाढा. पोटभर जेवा."

आक्कानं डाव ओळखला. भुकेल्याचा हात खोटं बोलत नाही. पहिला घास जिभेवर पडताच तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तरी तिनं सावकाश चावलं, दुसरा घास उचलला, परत ठेवला आणि नाक मुरडलं.

"रोज रोज पुलाव खाऊन विटलेय मी, मीरसाहेब. त्यात आज मीठ चढलंय. तुमच्या त्या कुत्र्याला चालतंय का बघा."

ताट शिकारी कुत्र्यापुढे गेलं. ते चाटूनपुसून साफ होईस्तोवर आक्का कमरेवर हात ठेवून, ताठ मानेनं बघत उभी राहिली.

वकील फसला. तह ठरला. चौथ्या सकाळी बायकापोरांसाठी दरवाजा उघडला; त्याच पहाटे तुळजानं प्राण सोडला होता.

नातीला पोटाशी बांधून आक्का मोगली छावणीत आली, आणि सरदारांनाही फटकारणारी ती बाई एका धनगरणीपुढे गुडघे टेकून बसली. "माय, घोटभर शेळीचं दूध दे. पाया पडते तुझ्या."

पहिला घोट पोरीच्या ओठांतून ओघळला. दुसरा तिनं गिळला.

तेव्हा कुठे आक्का लेकीसाठी रडली.